यरुशलेम : ख्रिस्ती उपासनेतील स्थान

येशू ख्रिस्ताचे शेवटचे भोजन, क्रूसावरील मरण, पुनरुत्थान आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी शिष्यांवर झालेले पवित्र आत्म्याचे अवतरण या घटना ज्या नगरात घडल्या, ते यरुशलेम (जेरुसलेम) ख्रिस्ती परंपरेत पवित्र नगर मानले जाते. मात्र तेथील यात्रेचे बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. पित्याची उपासना कोणा एका डोंगराशी किंवा यरुशलेमशी बांधलेली राहणार नाही, असे येशूने शोमरोनी स्त्रीला सांगितले होते (योहान ४). यहुदी लोक यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करतात; आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या पूर्वेकडे तोंड करू लागल्या, कारण ख्रिस्त उगवतीकडून परत येईल अशी त्यांची श्रद्धा होती.

तरीही हे नगर ख्रिस्ती प्रार्थनेतून कधी गेले नाही. मंदिराकडे चढून जाणाऱ्या यहुदी यात्रेकरूंची आरोहणस्तोत्रे (स्तोत्रसंहिता १२० ते १३४) चर्चने आपलीच मानली. त्यांतील १२२वे स्तोत्र यरुशलेमच्या शांतीसाठी प्रार्थना करायला सांगते.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने येशूच्या कबरेच्या जागी उभारलेल्या पवित्र कबरेच्या चर्चचे समर्पण इ. स. ३३५ मध्ये झाले आणि यात्रेकरूंची रीघ लागली. चौथ्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडून आलेल्या एजेरिया या स्त्रीने तेथील पवित्र आठवड्याचे (ईस्टरआधीच्या आठवड्याचे) जे वर्णन लिहून ठेवले, ते उपासनेच्या इतिहासातले अनमोल साधन आहे. झावळ्या आणि जैतुनाच्या फांद्या घेतलेले लोक, कडेवरच्या मुलांसह, जैतुनांच्या डोंगरावरून नगरात उतरत. शुक्रवारी क्रूसाच्या लाकडाचे चुंबन घेत. जी घटना जिथे घडली, तिथेच तो उतारा वाचला जाई आणि ऐकणारे रडत. यरुशलेमची ही स्थानिक रीत हळूहळू जगभर पसरली. वसईत किंवा गोव्यात झावळ्यांच्या रविवारी निघणारी मिरवणूक याच परंपरेतली आहे. ज्यांना तिकडे जाणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी फ्रान्सिस्कन संन्याशांनी ‘क्रुसाची वाट’ (येशूच्या मरणयात्रेतील एकेका प्रसंगापाशी थांबून करायची प्रार्थना) गावोगावच्या चर्चमध्ये नेली. तिची १४ स्थाने १७३१ मध्ये पोपने निश्चित केली. इथिओपियातील लालिबेला येथे तर अखंड खडकात ११ चर्चे कोरून दुसरे यरुशलेमच वसवले आहे. तिथल्या ओढ्याचे नावही यार्देन!

पृथ्वीवरच्या नगरापलीकडे आणखी एक यरुशलेम आहे. प्रेषित पौल ‘वरील यरुशलेम’ हिला आपली आई म्हणतो (गलती ४:२६). बायबलचे शेवटचे पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात नवे यरुशलेम स्वर्गातून उतरते. तिथे मंदिर नाही, कारण देव स्वतःच तिचे मंदिर आहे. कॅथलिक अंत्यविधीत मृताला देवदूतांनी पवित्र नगर यरुशलेममध्ये न्यावे, अशी प्रार्थना गायली जाते. माझ्या मते या नगराचा सर्वांत खोल अर्थ इथेच कळतो : मरणाच्या दारातही ख्रिस्ती माणसाला पुढे एक नगर दिसते, माणसांनी भरलेले. एकट्याने गाठायची मुक्ती तिथे अभिप्रेत नाही.

या दोन यरुशलेमांचा ताण जुना आहे. निस्साचा बिशप ग्रेगरी याने चौथ्या शतकातच सांगितले की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. बेथलेहेमात राहणाऱ्या जेरोम या बायबलच्या लॅटिन भाषांतरकारानेही लिहिले की स्वर्गाचे दार यरुशलेममधून आणि ब्रिटनमधून सारखेच उघडे आहे. ही जाणीव हरपली तेव्हा अनर्थ झाला. १०९९ मध्ये क्रूसेडी सैन्याने (पवित्र भूमी जिंकायला युरोपातून आलेल्या ख्रिस्ती सैन्याने) नगर जिंकून मुसलमान व यहुदी रहिवाशांची कत्तल केली. ज्या नगरासाठी येशू रडला (लूक १९:४१), तिथे त्याच्या नावाने हे घडले, हे कोणत्याही भक्तीने झाकता येत नाही.

आज कबरेच्या चर्चमध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन असे सहा समाज उपासना करतात. त्यांचे हक्क ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या काळातल्या व्यवस्थेनुसार चालतात आणि दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुसलमान घराण्याकडे आहे. कॅथलिक चर्चमध्ये गुड फ्रायडेचे दान जगभरातून पवित्र भूमीतील ख्रिस्ती समाजासाठी व तिथल्या पवित्र स्थळांसाठी पाठवले जाते.