पॅसिफिकमधलं 'प्लास्टिकचं बेट' खरंच आहे का?

कॅलिफोर्निया आणि हवाईच्या मध्ये प्लास्टिकचं एक बेट तरंगतंय, त्यावर चालता येतं आणि ते अंतराळातूनही दिसतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पुण्यातल्या शाळांच्या प्रकल्पांतही हेच बेट रंगवलेलं असतं. असं बेट नाही.

१९९७ मध्ये तिथून बोटीने जाणाऱ्या चार्ल्स मूर या दर्यावर्दींना दिसले ते प्लास्टिकचे विखुरलेले तुकडे. २०१८ च्या अंदाजानुसार या तुकड्यांचा पट्टा सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि त्यात जवळपास ८० हजार टन प्लास्टिक आहे. भागाकार करून बघा: एका एकराला सरासरी जेमतेम २०० ग्रॅम! वजनात जवळजवळ निम्मा वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा आहे, पण संख्येने बहुतेक तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही बारीक. म्हणून उपग्रहाच्या छायाचित्रात तिथे नुसतं निळं पाणी दिसतं.

आणि मला खरी भीती याचीच वाटते. बेट असतं तर उचलता आलं असतं. हे तुकडे मासे आणि समुद्रपक्षी अन्न समजून गिळतात.

'पुण्याला कुठे समुद्र आहे?' असंही ऐकू येतं. खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर मुठेवरचा भिडे पूल बुडतो आणि पाणी ओसरलं की काठच्या झुडपांवर पिशव्या लटकलेल्या दिसतात. ज्या अडकत नाहीत, त्या मुळा-मुठेतून भीमेत जातात. काही उजनीत गाळाखाली जातात. पण पाण्याची वाट पुढे कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत आहे.