वृद्धशुश्रूषागृहे, कोल्हापूर

वार्धक्याने वा दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्यांना निवासासह परिचर्या देणाऱ्या संस्था. वृद्धाश्रमात मुख्यतः हिंडतीफिरती माणसे राहतात. शुश्रूषागृहात मात्र नाकातली नळी, लघवीची पिशवी आणि जखमेचे ड्रेसिंग सांभाळावे लागते.

संज्ञा : ‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ (ऐकणे) धातूचे इच्छार्थक रूप. ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञापालन व गुरुसेवा आणि पुढे रुग्णसेवा, असा अर्थविस्तार मानणे सयुक्तिक वाटते. चरकसंहितेत (साधारणतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक, काही अभ्यासक तिचा गाभा याहून जुना मानतात) वैद्य, औषध, परिचारक व रोगी असे चिकित्सेचे चार पाद (अंगे) सांगितले आहेत. उपचारांची जाण, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे परिचारकाचे गुण. कुशल परिचर्येचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

कायदा : 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाने आजार, इजा किंवा विकलता असलेल्यांना ठेवून उपचार व परिचर्या देणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह अशी व्याख्या केली आणि प्रसूतिगृहेही तीत घेतली. म्हणूनच कोल्हापुरात ‘नर्सिंग होम’ म्हटले की डॉक्टरांचा छोटा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. ‘विकलता’ या शब्दामुळे वृद्धांच्या परिचर्यासंस्थाही व्याख्येत बसतात, हे मत ग्राह्य धरावे. अमेरिकेत 1965 च्या मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) कायद्याने रुग्णालयानंतरच्या कुशल परिचर्येला वेगळे स्थान दिले (कमाल 100 दिवस). भारतात तशी स्वतंत्र श्रेणी नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमात जिल्ह्यागणिक किमान 150 निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण तिचा रोख निवाऱ्यावर आहे.

प्रत्यक्ष व्यवहार : बहुतेक आजारपणे घरीच काढली जातात. नर्सिंग ब्युरोकडून (परिचारिका पुरवणाऱ्या संस्थेकडून) बारा किंवा चोवीस तासांची बाई येते. ‘सिस्टर’ आणि ‘मावशी’ यांतला फरक घरच्यांनी आधीच विचारून घ्यावा : सिस्टर म्हणजे प्रशिक्षित परिचारिका; त्यांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) अभ्यासक्रम तीन वर्षांचा, एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा, आणि दोन्हींची नोंद परिचर्या परिषदेकडे असते. मावशींचे शिक्षण बहुधा अनुभवातूनच झालेले असते. कसोटी लागते ती बेडसोरच्या (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या) वेळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, माकडहाडापाशी बोट दाबून पाहायचे. लाली बोटाखाली फिकी झाली नाही, तर जखमेची सुरुवात झाली असे समजावे. रात्री तीनला कूस बदलणे चुकले, तर पुढे महिनोन्‌महिने ड्रेसिंग करावे लागते. जागा पाहायला जाणाऱ्याने म्हणूनच कूस बदलल्याची वही मागावी.

सरकारी आधार मुख्यतः सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाचा, तोही तीव्र आजारापुरता. 70 वर्षांवरील सर्वांना 2024 पासून मिळणारे आयुष्मान संरक्षण रुग्णालयातील उपचारांचे आहे. महिनोन्‌महिन्यांच्या परिचर्येचा खर्च कुटुंबावरच पडतो.

स्थाननिवड : 2019 व 2021 च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरले. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. न चालणाऱ्या रुग्णाला जिन्यावरून उतरवायला चार माणसे लागतात, त्यामुळे अशा संस्थेत हलवाहलव इशारा पातळीलाच सुरू व्हायला हवी.