श्वेत बटूंच्या निकट कक्षेतील तपकिरी बटू

श्वेत बटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा उरलेला, पृथ्वीएवढा गाभा) आणि तपकिरी बटू (वस्तुमान गुरूच्या सुमारे १३ ते ७५ पट, हायड्रोजनचे स्थिर ज्वलन नाही) यांची काही तासांत प्रदक्षिणा पुरी होणारी युग्मे. तपकिरी बटू सोबती असलेले श्वेत बटू शेकडा एक-दोनांहून अधिक नसावेत.

जीडी १४०० या श्वेत बटूचा सोबती २००४ मध्ये अवरक्त प्रकाशात आढळला, पण त्याचा सुमारे १० तासांचा कक्षाकाल नंतर ठरला. त्यामुळे पहिले निर्विवाद उदाहरण म्हणून २००६ मधील डब्ल्यूडी ०१३७-३४९ चा उल्लेख होतो : कक्षाकाल ११६ मिनिटे, सोबती गुरूच्या ५३ पट.

उत्पत्ती : डब्ल्यूडी ०१३७-३४९ या युग्मातील अंतर सूर्याच्या त्रिज्येच्या दोन-तृतीयांशाएवढेच आहे. मूळ तारा याहून मोठा असणार. म्हणजे सोबती आधी दूर होता आणि मागाहून आत आला. तारा तांबडा राक्षसी होऊन फुगला, सोबती त्याच्या वायूत बुडाला, घर्षणाने कक्षा आकसली आणि सुटलेल्या ऊर्जेने आवरण उधळले. श्वेत बटूचे वस्तुमान ०.३९ सौर एवढे कमी आहे. हेलियम पेटण्यापूर्वीच आवरण गेल्याची ही खूण. कक्षेच्या ऊर्जेतील किती वाटा आवरण उडवण्यात खर्ची पडतो, हा वादाचा मुद्दा. अलीकडील गणिते २० ते ४० टक्क्यांकडे झुकतात व निराळा ऊर्जास्रोत लागत नाही. मूळचा ग्रह आवरणातील वायू गिळून तपकिरी बटू झाला असावा, हे मत मागे पडले आहे : तो टप्पा अल्पकाळाचा आणि वायू फार तप्त.

शोध : अवरक्त प्रकाशाचे आधिक्य ही पहिली खूण, मात्र धुळीची तबकडी किंवा मागची दीर्घिकाही तेच दाखवते. म्हणून डॉप्लर वेग (प्रकाशाच्या तरंगलांबीतील बदलावरून कळणारा जवळ येण्याचा वा दूर जाण्याचा वेग) मोजतात. श्वेत बटूच्या तीव्र गुरुत्वामुळे वर्णरेषा (वर्णपटातील ठरावीक तरंगलांबीच्या रेषा) रुंदावतात, त्यामुळे हायड्रोजन-आल्फा या हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचा अरुंद गाभाच कामी येतो. ७० मिनिटांच्या कक्षेत १० मिनिटांचे छायाचित्रण घेतल्यास वेग पुसट होतो. ग्रहण असल्यास श्वेत बटू पूर्ण झाकला जातो, पण काही मिनिटेच. अर्ध्या तासाच्या नोंदींत ते विरते.

तापमान : सोबतीची एकच बाजू ताऱ्याकडे असते. डब्ल्यूडी ००३२-३१७ मध्ये दिवसाची बाजू सुमारे ८,००० केल्विन, रात्रीची १,३०० ते ३,०००.

गुरुत्वीय तरंगांवाटे (अवकाश-काळातील लहरींवाटे) ऊर्जा निघून गेल्यामुळे कक्षा आणखी आकसते. डब्ल्यूडी ०१३७-३४९ मध्ये सुमारे १४० कोटी वर्षांनी सोबतीकडून श्वेत बटूकडे वस्तुमानाचा प्रवाह सुरू व्हावा. एसडीएसएस जे१४३३+१०११ मध्ये तो आजच चालू आहे, परंतु तेथील सोबती जन्माने ताराच होता असे मानतात. म्हणून त्याची गणना येथे करीत नाहीत.