१५ वर्षं झालेली बोलेरो पासिंगला न्यायचीय? कोणाला लागतं, कागद कुठले, गाडी कुठं अडते

जुनी बोलेरो घ्यायची म्हणलं की आपल्याकडं लोक आधी इंजिन ऐकतात, मग खाली वाकून पाटे बघतात, मग पत्रा ठोकतात, आणि आरसी हातात घेतात ती पार शेवटी, व्यवहार ठरल्यावर. मी पण असंच केलं आणि त्यात दोन महिने गेले, म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. सोलापूर जिल्ह्यात एमएच १३ आणि अकलूजकडं एमएच ४५ च्या २०१० च्या आसपासच्या बोलेरो अजून ढिगानं चालतात, सगळ्यांच्या मुदती आत्ताच संपायला लागल्यात.

आधी एक गैरसमज काढू. "दरवर्षी पासिंग करावं लागतं" असं सगळे म्हणतात पण ते पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाडीला नाही. घरगुती गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, ती संपली की गाडी दाखवून नूतनीकरण करायचं, ते ५ वर्षांचं मिळतं, मग परत ५ वर्षांनी. दरवर्षीचं लचांड आहे पिवळ्या पाटीला, म्हणजे टुरिस्ट परमिटच्या आणि वडापच्या गाड्यांना. तिथं नव्या गाडीला पहिली २ वर्षं फिटनेस असतं, गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी करायचं, आणि ८ वर्षांनंतर दरवर्षी. त्यामुळं अक्कलकोट-तुळजापूर ट्रिपा मारलेली टुरिस्ट बोलेरो स्वस्तात मिळतीय म्हणून घ्यायच्या आधी ती पाटी पांढरी करून देणार की तुमच्याच गळ्यात पडणार हे आधीच ठरवा.

अर्ज कोण करू शकतं? ज्याचं नाव आरसीवर आहे तोच. इथंच निम्मे लोक अडकतात. गाडी घेतली, नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन कपाटात ठेवल्या, नाव काही लागलंच नाही, आणि १५ वर्षं भरली. म्हणून आधी नाव लावायचं, मग नूतनीकरण. गाडीवर कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवायचा. माझ्या गाडीत हेच झालं, विकणारा म्हणाला हप्ते कधीच फिटलेत, हप्ते खरंच फिटले होते पण बोजा कोणी उतरवलाच नव्हता, फायनान्सवाल्यांकडून एनओसी येईपर्यंत मुदत उलटून गेली आणि उशिराचा दंड मलाच भरावा लागला.

आपल्याकडं अजून एक प्रकार लय चालतो, विजापूर किंवा कलबुर्गीकडनं गाडी आणायची, केए २८ नाहीतर केए ३२. भाव कमी वाटतो खरा. पण तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, इथं परत नोंदणी, आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणं, हे सगळं धरून हिशोब करा. परराज्यातली गाडी इथं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो.

कागद म्हणाल तर घरगुती गाडीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, मूळ आरसी, चालू विमा (थर्ड पार्टी तरी हवाच), चालू पीयूसी, आधार, पॅन, आणि चेसीस नंबरचा पेन्सिलनं घासून काढलेला ठसा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, नसेल तर आधी ती बसवा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, आणि ती नसली की आरटीओतली बाकीची कामंही अडतात. थकलेली ई-चलनं आधीच बघून भरून टाका. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरायचा, फी ऑनलाइन, मग अपॉइंटमेंट घेऊन गाडी दाखवायला न्यायची. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज चालतो, म्हणजे सुरुवात खरी तर चार महिने आधी कागद गोळा करण्यापासून करा.

फी एप्रिल २०२२ पासून वाढलीय, हलक्या चारचाकीला आधी ६०० होते ते ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या चारचाकीला १०,००० केलेत. उशीर झाला की महिन्याला ५०० वेगळे. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त पडतो.

आता गाडी. माझं मत सांगतो, बोलेरो पासिंगला वाईट गाडी नाही. शिडीसारखं चेसीस वेगळं आणि बॉडी वेगळी, मागं पाटे, सगळं साधं, कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजला दुरुस्त होतं. दाराखालचा पत्रा सडला तर कापून नवा लावता येतो. पण चेसीसला तडा किंवा नंतर मारलेलं वेल्डिंग दिसलं की निरीक्षक थांबणारच, आणि थांबायलाच पाहिजे, त्याच दांड्यांवर सात माणसं बसतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात खाली चिकटते ती निघतच नाही, ऊसाच्या रानात जाणाऱ्या गाडीची तर फारच, आणि त्या मातीखाली ओल धरून चेसीस नंबर गंजतो. नंबर वाचता आला नाही तर काम तिथंच बंद. म्हणून प्रेशरनं धुऊन, रॉकेलचं फडकं मारून नंबर आधी स्वतः वाचा. पुसट असेल तर स्वतः पंच मारायचं धाडस करू नका, ते छेडछाड धरतात, आरटीओत अर्ज देऊनच ते करून घ्यायचं.

बाकी या वयाला ढिलं होतं ते म्हणजे मागच्या ड्रमचे ब्रेक आणि हँडब्रेक, टाय रॉड एंड, बॉल जॉईंट, पाट्याचे बुश. टायरची नक्षी १.६ मिमीच्या खाली नको. पुढचा लोखंडी गार्ड काढून ठेवा, डिसेंबर २०१७ पासून त्याला मनाई आहे. सोलापूरचा उन्हाळा बघून काळी फिल्म सगळेच लावतात, मला पण त्रास कळतो, पण पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत यायला पाहिजे असा नियम आहे. गाण्याचा हॉर्न काढा. मागच्या आडव्या सीट कोणी काढून बाक ठोकला असेल तर आरसीवर जेवढ्या सीट आहेत तेवढ्याच परत करा.

धुराचं मात्र नीट समजून घ्या. २०१० मध्ये बीएस-४ (गाडीच्या धुराचा सरकारी नियम, त्याआधीचा बीएस-३) देशातल्या फक्त काही शहरांत आलं, त्यात आपलं सोलापूर होतं, सगळ्या देशात ते १ एप्रिल २०१७ ला लागू झालं. म्हणजे एकाच वर्षाच्या दोन बोलेरो, एक शहरात नोंदवलेली ती बीएस-४ असू शकते आणि दुसरी बाहेरची बीएस-३. धुराच्या मशीनवर जो आकडा येतो त्याची मर्यादा बीएस-४ डिझेलला १.६२, त्याआधीच्याला २.४५, फरक मोठा आहे. पीयूसी पण बीएस-४ ला वर्षाची आणि त्याआधीच्याला ६ महिन्यांची मिळते. तर आरसीवर नीट बघा आणि मशीनवर गाडी त्याच वर्गात धरलीय का ते विचारा. टेस्टला थंड इंजिन नेऊ नका, होटगी रोडला नाहीतर कुठं १५-२० किलोमीटर फिरवून गरम करून न्या, त्याआधी एअर फिल्टर नवा, ऑइल बदललेलं, आणि काळा धूर असेल तर नोझल चेक करून घ्या. धूर कमी दाखवायला पंप बारीक करून देणारे भेटतात, तसं करू नका, गाडी चढाला ओढत नाही आणि महिन्याभरात परत तसंच.

काही निघालं तर निरीक्षक त्रुटी लिहून देतात, तेवढं करून गाडी परत दाखवायची, घाबरायचं कारण नाही. फक्त मुदत संपलेली गाडी तोवर रस्त्यावर फिरवू नका, पहिल्याच वेळी ५,००० पर्यंत दंड आहे. मंजूर झालं की एम-परिवहनवर नवी तारीख, नाव आणि बोजा उतरलाय का हे त्याच दिवशी बघून घ्या, काही चुकलं असेल तर अर्ज ताजा असतानाच दुरुस्त करून घ्या.