इमर्जन्सीतली गर्दी आणि घड्याळाचा घोळ

इमर्जन्सी तुंबली की पहिला ठपका दारातून आत येणाऱ्यांवर बसतो. किरकोळ दुखण्यासाठी लोक धावत येतात, त्यांना बाहेरच थोपवा, हा उपाय वर्षानुवर्षं सुचवला गेला. सगळं रुग्णालय एकच साखळी समजून पाहणं उशिरा सुरू झालं. साधनं मात्र जुनीच होती. रांगांचं गणित १९०९ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलं गेलं होतं, तर साठा (आत किती आहे) आणि प्रवाह (किती येतं-जातं) या भाषेत संस्था समजून घेण्याची पद्धत १९५० च्या दशकात उद्योगांसाठी घडली.

रुग्णालयापर्यंत ती ठळकपणे पोचली १९९९-२००० च्या सुमारास. १९९९ च्या एका ब्रिटिश संगणकीय प्रारूपात दिसलं, की ८५ टक्क्यांहून जास्त बेड भरलेले असले की धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांपुढे बेडची टंचाई वारंवार होते. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या एका अभ्यासाने आणखी मोलाची गोष्ट दाखवली. बेड कमी केले तर त्याचा फटका इमर्जन्सीतल्या प्रतीक्षेपेक्षा आधीपासून तारीख ठरवून दाखल होणाऱ्यांना बसतो; त्यांचं दाखल होणं रद्द होतं. एकाच विभागाचा आकडा पाहणाऱ्याला हे दुखणं दिसतच नाही.

त्याच काळात इंग्लंडने २००० मध्ये ठरवलं, की २००४ अखेर इमर्जन्सीत कोणीही चार तासांपेक्षा जास्त थांबणार नाही. नंतर ही अट ९८ टक्के रुग्णांपुरती आणि २०१० मध्ये ९५ टक्क्यांपुरती सैल झाली. या निर्णयाला नुसती आकड्यांची कसरत म्हणणं अन्यायाचं आहे. चार तास पाळायचे तर वॉर्ड, तपासण्या, डिस्चार्ज सगळंच हलवावं लागलं आणि प्रतीक्षा खरोखर घटली. पण चार तास भरायच्या आधीच्या काही मिनिटांत रुग्णांना हलवण्याची घाई नोंदींत लख्ख दिसू लागली, हेही खरंच.

खरा घोळ बारा तासांहून जास्त थांबलेल्यांच्या नोंदीत होता. ते घड्याळ रुग्ण आल्यापासून नाही, तर ‘दाखल करायचं’ असा निर्णय झाल्यापासून सुरू व्हायचं. समजा, एक आजी सकाळी दहाला आल्या. तपासण्या होऊन निर्णय झाला संध्याकाळी पाचला आणि वॉर्डात बेड मिळाला पहाटे चारला. स्ट्रेचरवर अठरा तास गेले, नोंदीत अकराच. म्हणजे बारा तासांच्या यादीत आजी नाहीतच. २०२३ पासून येण्याच्या क्षणापासूनचे आकडेही नियमित प्रसिद्ध होऊ लागले. ते कितीतरी आधी व्हायला हवं होतं.

अमेरिकेत वाद वेगळा होता. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका रुग्णालयाने इमर्जन्सीत अडकलेले रुग्ण वॉर्डांच्या कॉरिडॉरमध्ये वाटून दिले. ओझं सगळ्यांनी थोडं थोडं उचलायचं, एकाच विभागाने नाही. २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने भरलेल्या इमर्जन्सीवरून अॅम्ब्युलन्स दुसरीकडे वळवण्यावर जवळपास पूर्ण बंदी घातली. गोंधळ माजेल अशी भीती होती, पण त्याच राज्यातल्या बॉस्टनच्या अभ्यासात इमर्जन्सीतला मुक्काम वाढलेला दिसला नाही. पळवाट बंद झाल्यावर आतली वाट मोकळी करावीच लागते.

२०२२ मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाने हिशोब मांडला: वॉर्डात बेड मिळायला सहा ते आठ तासांहून जास्त उशीर झालेल्या दर ८२ रुग्णांमागे एक जास्तीचा मृत्यू. त्यातले तास रुग्ण दारात आल्यापासून मोजले होते.