पडणारी पाल, तरंगणारी पाल

परवा रात्री ट्यूबलाइटजवळच्या पालीनं किड्यावर झेप घेतली, नेम चुकला आणि ती थेट खाली, कडक भाकरीच्या दुरडीशेजारी. आजीचा पहिला प्रश्न, "कुणाच्या अंगावर नाही ना पडली?" सोलापूर हे पंचांग छापणारं गाव; पल्लीपतनाचं फळ बघायला इथं वेळ लागत नाही. माझं लक्ष मात्र भलतीकडेच. उलटी लटकलेली पाल पडली ती चारही पायांवर.

त्यात नशिबाचा भाग नाही. आग्नेय आशियातल्या चपट्या शेपटीच्या घरपाली उलट्या लटकवून खाली सोडल्या, तेव्हा शेपूट गर्रकन फिरवून त्यांनी साधारण 0.1 सेकंदात अंग सुलटं केलं. हा प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. शेपूट तुटलेल्यांना हे नीट जमेना.

जावा, बोर्निओ, मलाय द्वीपकल्पाच्या वर्षावनांत झाडावर राहणारी कूलची पाल याच्याही पुढं गेली आहे. तिच्या दोन्ही कुशींना कातडीची झालर, बोटांमध्ये बदकासारखे पडदे, शेपटीच्या कडा कातरलेल्या. फांदीवरून उडी घेतली की खालून येणाऱ्या हवेच्या दाबानंच झालर उघडते. उडत्या सरड्याच्या पंखात बरगड्यांच्या काड्या असतात. हिच्या झालरीला तसा आधार नाही. म्हणजे सरड्याकडे छत्री आणि हिच्याकडे वाऱ्यानं फुगणारा पदर! 'उडती पाल' हे नाव जरा चढवूनच दिलेलं; ती तिरपी तरंगत खाली येते, एवढंच.

मला या झालरीचा दुसरा उपयोग जास्त आवडतो. भिंतीवरची पाल आपल्याला पुष्कळदा तिच्या सावलीमुळं दिसते. ही खोडाला चिकटली की झालरीची कड सालीला टेकते, अंगाखालची सावलीच नाहीशी होते. रंग सालीचाच. मग शोधा!

जिच्या नावात कूल आहे तो हाइनरिख कूल हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ 1821 साली जावातच वारला, अवघ्या 23व्या वर्षी. पालीला त्याचं नाव मिळालं 1902 मध्ये.

अशा तरंगणाऱ्या पाली आपल्या देशातही आहेत. मिझोरममधली एक 2023 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदली गेली. तिचा नमुना वीसेक वर्षं आधीच गोळा केलेला होता.

आमची पाल एव्हाना कॅलेंडरमागं गेली होती. शेपूट तेवढं बाहेर.