सौर जलतापक, घरगुती बांधणीचे (कोल्हापूर)

उन्हाची उष्णता काळ्या पत्र्यावर शोषून ती नळ्यांतील पाण्याला देणारी, घरी किंवा जवळच्या वर्कशॉपमध्ये जुळवलेली काचेची चपटी पेटी. हिला संग्राहक म्हणतात. कोल्हापुरात टाकीसकट सगळ्यालाच नुसते ‘सोलर’ म्हणतात. चिपाडे, शेणी किंवा ढलप्यांवर पेटणाऱ्या तांब्याच्या बंबाचे काम हा सोलर करतो. (‘बंब’ हा शब्द सामान्यतः पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला असे मानतात.)

संग्राहकाच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. काही लेखक जिनीव्हाच्या ओरेस-बेनेदिक्त द सोस्यूर यांच्या काचपेटीपासून (१७६७) आरंभ धरतात; परंतु ती उष्णता कोंडण्याचा प्रयोग होती, तिच्यातून पाणी वाहत नव्हते. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या तापकात काळ्या टाक्याच काचेखाली ठेवलेल्या असल्याने दुपारी तापलेले पाणी रात्रीत निवत असे. कॅलिफोर्नियातील विल्यम बेली यांनी १९०९ च्या सुमारास नळ्यांची पेटी आणि उष्णतारोधक टाकी वेगळी केली. आजची घरगुती बांधणी याच धर्तीची असल्यामुळे आरंभाचा मान बेलींकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. केम्प यांची पद्धतही लोपलेली नाही : काळा रंग दिलेले पिंप काचेच्या खोक्यात ठेवणे हा तिचाच अवतार होय. सपाट संग्राहकाचे गणित होइट हॉटेल व वर्ट्‌झ या अमेरिकी संशोधकांनी १९४२ मध्ये मांडले.

रूढ मांडणीत वर-खाली साधारण २५ मिमी. व्यासाच्या दोन आडव्या नळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या सुमारे १२ मिमी. व्यासाच्या उभ्या नळ्या असतात. उभ्या नळ्यांतील अंतर १० ते १२ सेंमी. राखतात. नवखे लोक काळ्या रंगाची फार चिकित्सा करतात. पण खरी मेख नळी व पत्रा यांच्या सांध्यात आहे. नळी पत्र्यावर नुसती तारेने बांधली, तर मधल्या हवेच्या फटीमुळे पत्रा तापतो आणि पाणी कोमटच राहते. पत्र्याला पन्हळ पाडून नळी तीत बसवणे व सलग डाग देणे हा खात्रीचा उपाय. कथील-शिशाचा नेहमीचा डाग सुमारे १८३° से.ला वितळतो; पाणी नसलेली पेटीही सहसा तितकी तापत नाही. पाणी वाहणारे सांधे मात्र ब्रेझिंगने (अधिक तापमानाला वितळणाऱ्या धातूच्या डागाने) करावेत. तांब्याची नळी जस्ताच्या पत्र्याला थेट भिडवल्यास ओलाव्यात पत्रा खाल्ला जातो. पाठीमागे सुमारे ५ सेंमी. जाडीची काचलोकर (उष्णता रोखणारे काचतंतू) घालतात.

पंपाविना अभिसरण (तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढणे व थंड पाणी खाली येणे) हवे असेल, तर टाकीचा तळ पेटीच्या वरच्या कडेपेक्षा निदान ३० सेंमी. उंच ठेवावा, नाहीतर रात्री प्रवाह उलटून साठवलेले पाणी थंडावते. गरम पाण्याची नळी टाकीकडे सतत चढती हवी. मध्ये कुठे उंचवटा आला की तिथे हवा अडकते आणि अभिसरण बंद पडते.

कोल्हापूर सुमारे १६° ४२′ उत्तर अक्षांशावर असल्याने पेटी दक्षिणाभिमुख असावी. मेच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो, डिसेंबरच्या अखेरीस तो क्षितिजापासून सुमारे ५०° वर असतो. गरम पाण्याची निकड हिवाळ्यात असल्यामुळे पेटीला २५° ते ३०° कल देणे सोयीचे. केवळ अक्षांशाइतका कल देण्याची शिफारसही आढळते. इथे पाणी गोठत नसल्यामुळे गोठणरोधक द्रव व त्याची उष्णता पाण्याला देणारा उष्णता-विनिमयक ही थंड देशांतील उपाधी लागत नाही. १०० लिटर पाणी २५° वरून ६०° से.वर नेण्यास सुमारे ४ किलोवॅट-तास उष्णता लागते. त्यासाठी चांगल्या उन्हात २ चौ.मी. पेटी पुरते. घरगुती पेटीला सांध्यांतील उणीव धरून थोडे अधिक क्षेत्र द्यावे.

क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने अरुंद नळ्यांत पापुद्रा धरतो. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर पुष्कळ दिवस ढगाळ असतात. तेव्हा गिझर किंवा बंब लागतोच. प्लॅस्टिक नळीची वेटोळी स्वस्त पडतात. पण रिकाम्या पेटीत, कडक उन्हात पीव्हीसी मऊ पडून वाकते.